ओस घरांच्या उघड्या खिडक्या

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, अशी आपली जुनी म्हण आहे. मुंबईत एखादी इमारत रिकामी झाली की या म्हणीचा अक्षरशः प्रत्यय येतो. फरक एवढाच की येथे वासे फिरत नाहीत, चोरीस जातात! आधी नळाच्या तोट्या जातात, मग विजेच्या तारा, मग खिडक्यांचे गज, त्यामागोमाग सागवानी चौकटी आणि अखेरीस तुळया. शेवटच्या बिऱ्हाडाचा टेंपो गल्लीच्या तोंडाशी वळतो न वळतो तोच ही दुसरी आवराआवर सुरू होते, आणि तिला ना नोटीस लागते ना पंचनामा. ज्या घरात तीन-तीन पिढ्या नांदल्या, त्याच्या खिडक्यांच्या जागी थोड्याच दिवसांत नुसती काळी भगदाडे उरतात. रस्त्याने जाणारा ती पाहतो आणि पुढे चालू लागतो. हा प्रश्न त्या घराच्या मालकाचा आहे, आपला नव्हे, अशी त्याची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि ती सबंध शहराला महाग पडते. म्हणूनच वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या विषयाला आज आम्ही पहिल्या पानावर जागा देत आहोत.

हे शहर एकाच वेळी रिकामेही होत आहे आणि भरतही आहे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते आणि त्यांतील रहिवाशांना घरे सोडण्यास सांगितले जाते. पुनर्विकासासाठी चाळीच्या चाळी रिकाम्या होतात. वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ती याच प्रक्रियेची आनंददायक बाजू होय. दुसऱ्या बाजूला माहुलसारख्या ठिकाणी प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या हजारो सदनिका वर्षानुवर्षे माणसांविना पडून राहिल्या. काळा घोड्याजवळच्या ज्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली, ती ओतीव लोखंडाची इमारत २०१९ साली रिकामी करण्यात आली. ती पाडावी की दुरुस्त करावी यावर मात्र तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. उदाहरणे वेगवेगळी, पण त्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. इमारत रिकामी होणे आणि ती पडणे, दुरुस्त होणे वा पुन्हा भरणे यांच्यामध्ये एक कालावधी असतो. तो कधी काही महिन्यांचा, कधी काही वर्षांचा असतो, आणि प्रकरण न्यायालयात गेले तर त्याला अंतच राहत नाही. या मधल्या काळात त्या इमारतीच्या खिडक्यांचा धनी कोण?

या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही, टोलवाटोलवी मात्र भरपूर आहे. मालक म्हणतो, भाडे बंद झाले, मी खर्च कशाला करू? भाडेकरू म्हणतो, मला हुसकून लावले, आता माझा संबंध काय? महापालिका म्हणते, आम्ही नोटीस बजावली, आमचे काम संपले. विकासक म्हणतो, इमारत पाडायचीच आहे, तिला खिडक्या हव्यात कशाला? आणि पोलीस म्हणतात, तक्रार आली की पाहू. तक्रार करायला त्या घरात कोणी उरलेले नसते, ही साधी गोष्ट या सर्वांच्या हिशेबातून निसटते.

खिडकीचाच एवढा बाऊ कशासाठी, असे कोणी विचारील. दाराकडे लक्ष देणारे पुष्कळ असतात. दाराला कुलूप लागते, कुलपावर लाखेचे सील बसते, वर नोटीस चिकटते, आणि पंचनाम्यात त्याची नोंद होते. परंतु चोर काही लाखेचे सील फोडीत बसत नाही. जुन्या मुंबईतील प्रत्येक इमारतीच्या मागे घरगल्ली आहे, घरगल्लीत सांडपाण्याचे नळ आहेत, आणि त्या नळांच्या आधाराने पहिल्या मजल्यावरील मोरीच्या खिडकीपर्यंत चढणे हे सराईत माणसाला जिना चढण्याइतके सोपे आहे. शेजारच्या गच्चीवरून, भिंतीत रुजलेल्या पिंपळावरून, दुकानाच्या पत्र्यावरून खिडकीच हाताशी येते. एका गजाची चौकटीतील पकड सुटली की बाकीचे गज निघायला वेळ लागत नाही. दाराला सील आणि खिडकीला आमंत्रण, अशी आपल्या बंदोबस्ताची आजची तऱ्हा आहे.

यात पहिला बळी जातो तो खुद्द इमारतीचा. मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. तावदाने आणि झडपा गेलेल्या खिडकीतून हा पाऊस सरळ आत येतो. लाकडी तुळयांची जी टोके भिंतीत गाडलेली असतात ती प्रथम कुजतात. लोखंडी गर्डर गंजून फुगतात आणि भोवतालचा चुना फोडतात. महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. त्यातील ‘सी-१’ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडावयाची, आणि ‘सी-२ ए’ म्हणजे रिकामी करून, काही भाग पाडून वा मोठी डागडुजी करून वाचवता येण्याजोगी. या दोहोंतील अंतर कागदावर एका अक्षराचे दिसते, पण राहणाऱ्याच्या दृष्टीने ते परत येण्याची आशा आणि कायमचे विस्थापन यांतील अंतर आहे. दुरुस्तीसाठी म्हणून रिकामी केलेली इमारत दोन-तीन पावसाळे उघड्या खिडक्यांनी उभी राहिली, तर तिला वरच्या वर्गातून खालच्या वर्गात ढकलण्यासाठी आणखी कोणत्याही कारस्थानाची आवश्यकता नसते. ते काम पाऊसच करतो. इमारत पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आहे. परंतु हक्क कागदावर राहिला आणि छप्पर जमिनीवर आले, तर संक्रमण शिबिरात दिवस मोजणाऱ्या कुटुंबाचे त्याने कितपत समाधान व्हावे? ज्याला इमारत पडावीशी वाटते त्याने तिच्या खिडक्या उघड्या ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. असा हेतू प्रत्येकाच्या मनात असतो असे आम्ही म्हणत नाही. पण निष्काळजीपणाचा लाभ निष्काळजी माणसालाच मिळावा अशी व्यवस्था असेल, तर ती व्यवस्थाच बदलली पाहिजे.

दुसरा बळी जातो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सुरक्षिततेचा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपानंतर अनेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले नाहीत आणि गिरणगावाच्या ऐन मध्यावर ओसाड आवारे निर्माण झाली. त्यांपैकीच महालक्ष्मी येथील शक्ती मिलच्या आवारात २२ ऑगस्ट २०१३ रोजी, आपले काम करण्यासाठी गेलेल्या एका तरुण वृत्तछायाचित्रकार महिलेवर सामूहिक बलात्कार झाला. त्याच आवारात त्याच्या आधी, ३१ जुलै रोजी, दुसऱ्या एका तरुणीवर असाच अत्याचार झाल्याचे त्यानंतर उघडकीस आले. गुन्हेगारांना शिक्षा झाल्या. तिघांना सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने २०२१ साली आजन्म कारावासात परिवर्तित केली. गुन्हा गुन्हेगारांचाच, त्याचे खापर एखाद्या पडक्या भिंतीवर फोडता येणार नाही. तरीही एक प्रश्न राहतोच. गजबजलेल्या शहराच्या मध्यावर, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर, जेथे कोणीही यावे, काहीही करावे आणि कोणी पाहू नये अशी जागा वर्षानुवर्षे उघडी का राहिली? बैल गेला आणि झोपा केला, हे आपले नगररक्षणाचे सूत्र किती काळ चालू राहणार?

योगायोग असा की, ज्या १९८२ साली मुंबईच्या गिरण्या थंडावल्या, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग या दोघांनी लिहिलेला ‘फुटक्या खिडक्या’ या नावाचा लेख प्रसिद्ध झाला. इमारतीची एक खिडकी फुटली आणि ती तशीच राहू दिली, तर उरलेल्या खिडक्याही लवकरच फुटतात. कारण दुरुस्त न केलेली खिडकी ‘येथे कोणाचेही लक्ष नाही’ अशी दवंडी पिटते, असे त्यांचे म्हणणे. मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी १९६९ साली केलेला एक प्रयोग त्यांनी आधाराला घेतला होता. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात बेवारशी म्हणून उभी केलेली मोटार दहा मिनिटांत लुटली जाऊ लागली, आणि लूट सुरू करणारे पहिले लोक म्हणजे आई, बाप आणि लहान मुलगा असे एक कुटुंब होते! कॅलिफोर्नियातील पालो आल्टो या सुखवस्तू गावात तशीच मोटार आठवडाभर जशीच्या तशी राहिली. पण झिंबार्डो यांनी स्वतः तिच्यावर घणाचा घाव घालताच येणारे-जाणारेही त्या मोडतोडीत सामील झाले. तेव्हा ‘आमच्या वस्तीत असे होत नाही’ या भ्रमात सुशिक्षितांनी राहू नये.

या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि तीत तथ्यही आहे. फुटक्या खिडकीचे निमित्त करून पोलिसांनी गरिबांच्या बारीकसारीक अपराधांवर दंडुका उगारावा, असा त्याचा अर्थ काही शहरांनी लावला. तो अर्थ आम्हांला मान्य नाही. परंतु खिडकी म्हणजे खरोखरीची खिडकी असा सरळ अर्थ घेऊन काय होते, हे फिलाडेल्फिया शहराने पाहिले आहे. तेथे २०११ पासून ओस इमारतींच्या मालकांवर असे बंधन घालण्यात आले की, नुसत्या फळ्या ठोकून भागणार नाही. वसलेल्या वस्तीतील रिकाम्या घरालाही उघडझाप होणारी खरी दारे आणि खिडक्या बसवल्या पाहिजेत. न बसविल्यास प्रत्येक उघड्या भगदाडामागे दिवसाला ३०० डॉलर दंड! नोटिसा मिळालेल्यांपैकी एक-तृतीयांश मालकांनीही ही आज्ञा पाळली नाही. तरी ज्यांनी पाळली त्यांच्या घरांभोवती हाणामाऱ्या आणि बंदुकीचे हल्ले घटले, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. तेथे नवे पोलीस ठाणे उभारावे लागले नाही की कोणाला तुरुंगात टाकावे लागले नाही. भगदाडाच्या जागी खिडकी आली, इतकेच घडले.

याच्या उलट उदाहरणही अमेरिकेनेच घालून दिले आहे. १९८३ साली न्यूयॉर्कच्या महापालिकेने ब्राँक्समधील हमरस्त्यालगतच्या पडीक इमारतींच्या भगदाडांवर पडदे, झडपा आणि फुलांच्या कुंड्या रंगविलेली चित्रे चिकटविली. हेतू हा की मोटारीतून जाणाऱ्यांना घरे वसलेली वाटावीत. घरात माणूस नाही, पण खिडकीत कुंडी आहे! जगाने या प्रकाराची थट्टा केली. पण आपल्याला हसण्याचा अधिकार आहे काय? ‘ही इमारत धोकादायक आहे, आत प्रवेश करू नये’ असा फलक दर्शनी भिंतीवर लावायचा आणि मागच्या खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, ही त्याच चित्रकलेची आपली आवृत्ती होय. शिवाय त्या फलकाचा सरळ अर्थ चोराच्या भाषेत ‘आत कोणी नाही’ असाच होतो.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. १८६० च्या भारतीय दंड संहितेत घरफोडीची व्याख्या करताना जी उदाहरणे दिली होती, त्यांत ‘खिडकीवाटे घरात शिरणे’ हे स्पष्टपणे सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने ती व्याख्या पुढे चालविली आहे. तथापि घरफोडी होण्यासाठी मुळात ‘घर’ असावे लागते, आणि कायद्याच्या दृष्टीने घर म्हणजे माणसांच्या राहण्यासाठी, उपासनेसाठी अथवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरात असलेली वास्तू. ज्या इमारतीत राहणारे नाहीत आणि सामानही नाही, ती या व्याख्येत बसते काय, असा वाद कोणीही हुशार वकील उभा करू शकेल. तो वाद जिंकला गेला तर घरफोडीचा गंभीर गुन्हा साध्या अतिक्रमणावर येऊन ठेपतो. म्हणजे माणसे गेली की घराचे घरपणही कायद्याच्या लेखी संपण्याचा संभव आहे! ही उणीव संसदेने दूर करावी. पण तोवर महापालिकेला हात बांधून बसण्याचे कारण नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात धोकादायक वास्तूंविषयीचे ३५४ वे कलम आहेच. त्याशिवाय दुर्लक्षित आणि शेजाऱ्यांस उपद्रवकारक झालेली जागा बंदिस्त करण्यास मालकाला फर्मावण्याचा, आणि त्याने हुकूम न पाळल्यास ते काम स्वतः करून खर्च त्याच्याकडून वसूल करण्याचा अधिकारही त्याच अधिनियमाने आयुक्तांना दिला आहे. शस्त्र म्यानात आहे, ते उपसण्याची इच्छा नाही, हे खरे दुखणे होय.

खिडकी बंद करणे याचा अर्थ फळी ठोकणे एवढाच नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. बाहेरून खिळ्यांनी ठोकलेली फळी पहारीच्या एका हिसक्यासरशी निघते. शहाणी पद्धत अशी की, फळी चौकटीच्या मापाने कापावी, आतल्या बाजूला भिंतीच्या दोन्ही कडांवर टेकतील असे आडवे दांडे घालावेत, आणि बाहेरून गोल गुळगुळीत डोक्याचे लांब बोल्ट आरपार नेऊन त्यांचे नट आतून आवळावेत. मग बाहेरच्या माणसाला पकडायला काही उरत नाही. आपल्या पावसात साधे प्लायवुड फुगते आणि पातळ पत्रा गंजतो. म्हणून जेथे काळ लांबणार असेल तेथे भोके पाडलेले जाड पोलादी पत्रे अथवा चुन्याच्या मऊ मालात रचलेल्या विटा बऱ्या, कारण पुढे चौकटीला इजा न करता त्या काढता येतात. अमेरिकेतील ओहायो राज्याने तर २०१७ साली, ओस घरांच्या खिडक्यांना प्लायवुड ठोकण्याची मनाई करून पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या तक्त्यांचा मार्ग मोकळा केला. ते तक्ते फुटत नाहीत आणि घर डोळे बांधल्यासारखे दिसत नाही. तळमजला आणि पहिला मजला यांना प्राधान्य द्यावे. वरच्या मजल्यांवरील ज्या खिडक्या नळावरून, झाडावरून वा शेजारच्या गच्चीवरून गाठता येतात त्याही सोडू नयेत.

मात्र घर डबीसारखे गच्च बंद करणे हीदेखील चूकच. हवा खेळली नाही तर दमटपणा आतल्या आत लाकूड खातो. जुन्या वास्तू तात्पुरत्या बंद ठेवण्याविषयी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९९३ साली जी मार्गदर्शिका काढली, तिने बंद खिडक्यांतही जाळीदार झरोके ठेवण्यावर भर दिला आहे. आणखी एक इशारा त्याहून दारुण आहे. ३ डिसेंबर १९९९ रोजी अमेरिकेतील वूस्टर गावातील एका रिकाम्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या शीतगृहाला आग लागली. तेथे आसरा घेतलेल्या बेघर जोडप्याची मेणबत्ती कलंडून ती भडकली होती. आत माणसे अडकली असतील या समजुतीने अग्निशामक दलाचे जवान आत शिरले, आणि त्या काळोख्या भुलभुलैयात सहा जवान प्राणास मुकले. ते जोडपे आधीच बाहेर पडले होते! यावरून तीन गोष्टी ठरतात. बंद करण्यापूर्वी आत कोणी नाही याची खोलीन् खोली पाहून खात्री करून घ्यावी. एक दरवाजा तपासणीसाठी आणि अग्निशामक दलासाठी उघडता येण्याजोगा ठेवावा. आणि ती इमारत रिकामी असल्याची नोंद नजीकच्या अग्निशामक केंद्रात असावी.

या बंदोबस्तावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. ज्यांना डोक्यावर छप्पर नाही अशा माणसांनी रिकाम्या घरात रात्र काढली तर त्यांना अडवता का, असे सहृदय वाचक विचारतील. ज्या शहरात हजारो सदनिका रिकाम्या आणि हजारो माणसे पदपथावर, त्या शहराने लाजेने मान खाली घातली पाहिजे, यात शंका नाही. परंतु ज्या इमारतीचा जिना केव्हा कोसळेल याचा नेम नाही ती उघडी ठेवणे म्हणजे बेघराला आश्रय देणे नव्हे. ते त्याला मृत्यूच्या दारात झोपवणे आहे. राहण्याजोग्या रिकाम्या घरांत माणसे राहू द्या, त्याइतका उत्तम पहारा दुसरा कोणताही नाही. पण न राहण्याजोगी घरे बंद करा. खर्चाची सबब तर ऐकूनही घेण्यासारखी नाही. एका इमारतीच्या खालच्या दोन मजल्यांना फळ्या, दांडे आणि बोल्ट घालायला जे पैसे पडतील त्याहून अधिक किमतीचे सागवान आणि लोखंड तिच्यातून भंगारात जाते.

तेव्हा आमचे मागणे थोडके आणि नेमके आहे. कोणतीही इमारत रिकामी करण्याचा हुकूम तिच्या खिडक्या बंद झाल्याशिवाय पूर्ण झाला असे मानू नये. पंचनाम्यात दाराच्या सीलशेजारी खिडक्यांचाही रकाना असावा. जो इमारत रिकामी करवील, मग तो मालक असो, विकासक असो, म्हाडा असो की महापालिका, त्यानेच त्याच दिवशी ती बंदिस्त करावी आणि खर्चाचा वाद मागाहून मिटवावा. प्रत्येक विभाग कार्यालयाने रिकाम्या इमारतींची नोंदवही ठेवून ती नागरिकांना पाहू द्यावी, आणि महिन्यातून एकदा, तसेच पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, प्रत्येक इमारतीची घरगल्लीकडून पाहणी करावी. दर्शनी बाजूकडून केलेली पाहणी ही पाहणीच नव्हे! आणि दुरुस्तीयोग्य म्हणून रिकामी केलेली इमारत उघड्या खिडक्यांमुळे पाडण्यायोग्य ठरली, तर त्या नुकसानीची जबाबदारी ज्याने ती उघडी ठेवली त्याच्यावर निश्चित करावी. रहिवाशांनीही निघताना आपल्या खोलीच्या खिडक्यांची छायाचित्रे तारखेनिशी काढून ठेवावीत. उद्या न्यायालयात तीच त्यांची साक्ष होईल.

मोठमोठे पूल, भुयारी मार्ग आणि गगनचुंबी मनोरे यांवर शहराची प्रतिष्ठा मोजण्याची आज चाल पडली आहे. शहराची खरी परीक्षा मात्र, जेथे सध्या कोणीच राहत नाही अशा घराची ते किती काळजी घेते, यावर होत असते. त्या घरात परत येऊ इच्छिणारे कोणी तरी कोठे तरी दिवस मोजीत आहे, आणि त्या घराशेजारून रोज संध्याकाळी कोणाची तरी मुलगी एकटी घरी परतत आहे. त्या दोघांच्याही वतीने आमचे प्रशासनाला सांगणे आहे की, पुढचा पावसाळा येण्यापूर्वी या खिडक्या बंद करा.